काळ्या पेटीचे सल्लागार

गेल्या वर्षी पुण्याला एका लग्नात पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कशात होता?" मी म्हटलं, "भौतिकशास्त्र शिकवलं. थोडंफार संशोधन केलं, पुंजवादात." "कुठे?" "बुलढाण्याला." गृहस्थांचा जिलबीचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. "बुलढाण्याला? पुंजवाद?" मी म्हटलं, "काऊन? तिकडे उजेड पडत नाही काय?"

बिचाऱ्यांनी जिलबी परत पानात ठेवली. मीही मठ्ठा प्यालो आणि उठलो. पण डोक्यात राग राहिला तो राहिलाच, आणि या अंकाच्या संपादकांनी "सर, अनुभव लिहा" म्हटल्याबरोबर तो वर आला. संपादक म्हणतात, सगळं लिहा. सगळं कोण वाचतो हो! नेमणूक, बदली, बढती, निरोपाचा नारळ, हे सगळ्यांचं सारखंच असतं. मी फक्त एका काळ्या पेटीबद्दल लिहिणार आहे, आणि तिच्यासाठी राजूरचा घाट चढून येणाऱ्या तीन माणसांबद्दल.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्याजिल्ह्यात नवी कॉलेजं निघत होती, आणि आमचं त्यातलंच एक. टिनाचं छप्पर, प्रयोगशाळेत चार तराजू, काही लोलक आणि एक वर्णपटमापक. मी रोहिणखेडचा. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तो चढत चढत एम.एस्सी.पर्यंत गेला, याचं आमच्या वस्तीला एवढं अप्रूप की मी गावात गेलो की म्हातारी माणसं सुद्धा "इंगळे सर आले" म्हणून खाटेवरून उठून बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेव्हा लहान कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी संशोधन करावं अशी सरकारी योजना निघाली. मी अर्ज ठोकून दिला. मंजूर होईल असं स्वप्नातही नव्हतं, पण झाला. मात्र अट अशी की मुंबई, पुणे आणि नागपूरच्या तीन तज्ज्ञांची सल्लागार समिती कामावर देखरेख करील. सगळ्यात महागाच्या वस्तू, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या दोन नळ्या, समितीचे अध्यक्ष आपल्या मुंबईच्या प्रयोगशाळेतून उसन्या देतील, आणि समितीला वाटलं तर त्या परत नेतील. नळ्या गेल्या की प्रयोग संपला. ही तलवार पहिल्या दिवसापासून टांगलेलीच होती.

आता प्रयोग काय होता ते सांगतो. घाबरू नका, सोपं आहे.

प्रकाश कणाकणांनी येतो असं पुंजवाद, म्हणजे इंग्रजीत क्वांटम, सांगतो. समजा एका देवळाला दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांवर एकेक पहारेकरी बसवलाय. आतून माणूस बाहेर पडला की पहारेकऱ्यानं "आला!" म्हणून ओरडायचं. आत एका वेळी एकच माणूस सोडला तर दोघांपैकी कोणीतरी एकच ओरडेल. दोघंही एकदम ओरडले तर एक तर माणसाचे दोन तुकडे झाले, नाहीतर चुकून दोन माणसं एकदम आत शिरली होती. आमच्या काळ्या पेटीत देवळाच्या जागी होती अर्धवट चांदीचा मुलामा दिलेली काच, जी अर्धा उजेड पुढे जाऊ देते आणि अर्धा बाजूला वळवते. पहारेकऱ्यांच्या जागी मुंबईच्या दोन नळ्या. दिव्यासमोर निळी काच, तिच्यापुढे काजळी धरलेल्या काचा, म्हणजे उजेड इतका मंद की जवळजवळ एकेकच कण यावा. दोन्ही पहारेकरी एकदम किती वेळा ओरडतात ते मोजायचं. योगायोगानं जेवढं होईल तेवढं माफ, त्याचा हिशेब मांडता येतो. त्यापेक्षा जास्त झालं तर एक तर पुंजवाद चुकला, नाहीतर इंगळे सर चुकले.

कोण चुकलं असेल हे सांगायला सल्लागार कशाला पाहिजेत, असं आमच्या प्राचार्यांना वाटायचं.

समितीचे अध्यक्ष डॉ. केळुसकर. मुंबईचे, उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. त्यांची रीत अशी की ते कधीच उत्तर द्यायचे नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा आले ते मलकापूरला गाडीतून उतरून एस.टी.नं वर आले. अंगावर घाटातली सगळी धूळ. प्राचार्यांनी हार, नारळ, पेढे असं सगळं मांडलं होतं. केळुसकरांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, "खोली कुठे आहे?"

आम्ही कोठीची खोली रिकामी करून, खिडक्या बंद करून, भिंती काळ्या रंगवल्या होत्या. ते आत गेले आणि म्हणाले, "सगळे आत या. दार लावा. खाली बसा." भर दुपारी, प्राचार्यांसकट आम्ही सगळे फरशीवर मांडी घालून काळोखात बसलो. वरून टिन तापलेलं, खाली घामाच्या धारा. बऱ्याच वेळानं डोळे काळोखाला सरावले तेव्हा केळुसकरांनी विचारलं, "इंगळे, वर काय दिसतं?"

मी वर पाहिलं. टिनाला जिथे जिथे खिळे होते तिथे तिथे बारीक बारीक चांदण्या चमकत होत्या. ज्या खोलीत मी उजेडाचा एकेक कण मोजणार होतो त्या खोलीत सूर्य शंभर भोकांतून डोकावत होता! मला वाटलं आता हे उठून जातील. त्यांनी एवढंच विचारलं, "बुलढाण्यात डांबर मिळतं ना?"

मिळतं म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेषरावभाऊ डांबराचा डबा घेऊन टिनावर चढले.

शेषरावभाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. वडनेर भोलजीचे, घरी शेती, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. कामाला वाघ, आणि श्रद्धाळूही तेवढेच. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू ही घरची गाय असल्यासारखी त्यांच्या मायेत असायची. एखाद्या पोरानं तराजूचं पारडं आपटलं की त्याची खैर नसे.

दुसरे सल्लागार पुण्याचे प्रा. जोगळेकर. हे गणितवाले. यंत्राला हात लावायची त्यांना भीती वाटायची, पण कागदावर त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. माझ्या प्रत्येक शंकेला पोस्टकार्डावर उत्तर यायचं, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि जागा संपली की पत्त्याच्या बाजूलाही समीकरण चालू. आमचा पोस्टमन कार्ड देताना डोळे बारीक करून विचारायचा, "सर, हे कायचं कोडं आहे जी?" योगायोगाचा हिशेब मला या माणसानं शिकवला. मात्र आमची बोली त्यांच्या कानाला लागत नसे. एकदा शेषरावभाऊ त्यांना म्हणाले, "थांबा जी, म्या दिवा पेटवून राह्यलो." जोगळेकर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे पेटवून कुठे राहणार आहेत?" ते 'पेटवतोय' म्हणतायत असं मी सांगायच्या आत शेषरावभाऊच म्हणाले, "काऊन जी, तुमाले मराठी येत नाही काय?" जोगळेकर आधी लाल झाले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर दर पत्राच्या शेवटी "शेषरावांना नमस्कार" असायचा.

तिसऱ्या डॉ. सरदेशपांडेबाई, नागपूरच्या. बुटक्या, नऊवारी नाही पण पदर कंबरेला खोचलेला, आणि तोंड फटकळ. त्या काळात भौतिकशास्त्रात डॉक्टर झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी आल्या आल्या माझ्या तारांची जोडणी पाहिली आणि म्हणाल्या, "हे कथलाचे डाग दिलेत की शेणगोळे चिकटवलेत? सरका." मग स्वतः जमिनीवर बसून एकेक सांधा पुन्हा केला, आणि शेषरावभाऊंना शेजारी बसवून शिकवलं. नळी कशी धरायची, काढताना कापड कसं घ्यायचं, उजेडात उघडी का ठेवायची नाही, हे सगळं त्यांनी त्या दिवशी घोटून घेतलं. शेषरावभाऊ त्यांना "बाईसाहेब" म्हणायचे आणि त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

लोकांना वाटतं सल्लागार म्हणजे येणारे, जेवणारे, सही करणारे. असेही मी नंतर पाहिले, नाही असं नाही. पण ही तीन माणसं वेगळी होती. एकानं मला शंका घ्यायला शिकवलं, दुसऱ्यानं हिशेब, तिसरीनं हात. एका मास्तराला आणखी काय पाहिजे?

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रकच्या बॅटऱ्या आणि रेडिओच्या सुक्या बॅटऱ्या जोडून आम्ही काम चालवलं. आणि गाडी रुळावर आली! पहारेकरी शहाण्यासारखे वागू लागले. दोघं एकदम ओरडत ते जोगळेकरांच्या हिशेबानं माफ होतं तेवढंच. रोजचा आकडा आलेखाच्या कागदावर टिंब देऊन मी भिंतीवर चिकटवायचो. टिंबं सगळी हिशेबाच्या रेषेवर, पावसाळाभर. एवढी सरळ की माझीच मला दृष्ट लागेल असं वाटायचं. अहवाल मुंबईला जात होते. केळुसकरांचं उत्तर मात्र येत नव्हतं.

मग दसरा आला. दसऱ्याला आम्ही नागपूरला जातो, तेव्हाही जायचो. आमच्यासाठी तो धम्मदीक्षेचा दिवस. मी आईला घेऊन गेलो. जाताना खोली बंद, दिवा बंद, सगळं जागच्या जागी. परत आलो, दिवा लावला, आणि पहारेकरी पिसाळले.

दोघंही एरवीपेक्षा कितीतरी जास्त ओरडत होते, आणि एकदम ओरडणं तर विचारूच नका. टिंबं रेषा सोडून वर गेली. दिवा विझवला की सगळं शांत. म्हणजे नळ्या ठीक, बाहेरून उजेड येत नाही. दिवा बदलला. तेच. बॅटऱ्या बदलल्या. तेच. काजळीच्या काचा नव्या केल्या. तेच! शेषरावभाऊ माझ्याबरोबर कोमेजले. "सर, कायची नजर लागली जी?" म्हणायचे, आणि मला हसूही येत नव्हतं.

नेमकं त्याच वेळी मुंबईहून पत्र आलं. दिवाळी झाल्यावर समिती येणार, आणि प्रकल्प बुलढाण्यात चालू ठेवायचा की नळ्या परत न्यायच्या हे त्याच भेटीत ठरणार.

माझं जेवण गेलं. नळ्या गेल्या असत्या तर माझी नोकरी काही जाणार नव्हती. पण मला माहीत होतं की लोक काय म्हणतील. खेड्यातल्या कॉलेजात हे जमायचं नाही, म्हटलं होतं ना, असंच म्हणतील. आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत "खेड्यातल्या" या शब्दामागे आणखी एक न उच्चारलेला शब्द असतो, तोही मी जन्मभर ऐकत आलो होतो. एकदा दार बंद झालं की माझ्या मागून येणाऱ्यांना ते पुन्हा कोण उघडून देणार?

प्राचार्य माणूस वाईट नव्हते. कॉलेजवर त्यांचा जीव होता. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "इंगळे, पावसाळ्यातले आकडे झकास आहेत ना? मग तेच दाखवा. नवे कागद काढून ठेवा. कमिटी येईल, जेवेल, जाईल. मग तुम्ही निवांत दुरुस्ती करा."

"सर, पण त्यांनी प्रयोग चालू करा म्हटलं तर?"

"बॅटरी उतरली म्हणा. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, हे त्यांनाही माहीत आहे."

मी "बरं" म्हणून बाहेर पडलो. खोटं कशाला सांगू, मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो आणि नव्या कागदांना हातही लावला. ते काढले असते तर भिंत सुरेख दिसली असती. पण मला केळुसकरांची ती रीत आठवली, सगळ्यांना फरशीवर बसवण्याची. मी हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं, "सर, सगळे कागद राहतील. जे आहे ते आहे." ते म्हणाले, "तुम्ही जाणा आणि तुमचं नशीब जाणे," आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले.

या वेळी समिती जीपनं आली. केळुसकर आणि जोगळेकर मलकापूरहून, बाई आदल्या दिवशीच नागपूरहून येऊन विश्रामगृहात उतरल्या होत्या. जीप फाटकातून आत शिरली तेव्हा मागे मला दोन लाकडी खोकी दिसली. नवी, आत गवत भरलेली, बरोबर नळ्यांच्या मापाची. शेषरावभाऊंनीही पाहिली. त्यांनी फक्त टोपी नीट केली.

खोलीत आल्यावर केळुसकर आलेखापुढे उभे राहिले. पावसाळ्याच्या रेषेवरून बोट फिरवत दसऱ्यापर्यंत आले, आणि तिथे बोट थांबलं. "हे काय?"

"सर, कळत नाही," मी म्हटलं. "दसऱ्यानंतर असं झालं. दिवा, बॅटऱ्या, काचा, सगळं बदलून पाहिलं. दिवा विझवला की थांबतं. मला कारण सापडलेलं नाही."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. जोगळेकरांनी कागद काढून तिथेच हिशेब सुरू केला आणि म्हणाले, "दोघं एकदम ओरडतात ते गर्दी वाढली म्हणून. कण तुटत नाहीये. पेटीत आगंतुक उजेड आहे. इंगळे, माफीचा हिशेब तुम्ही जुन्याच गर्दीवर धरलाय."

"पण आगंतुक आला कुठून?" केळुसकरांनी विचारलं. त्यांचे प्रश्न असेच.

सरदेशपांडेबाईंनी पदर खोचला. त्यांनी आपल्या पिशवीतून पिवळ्या काचेचे दोन तुकडे काढले आणि दोन्ही नळ्यांपुढे बसवले. "आपला दिवा निळ्या काचेमागे आहे," त्या म्हणाल्या. "निळा उजेड या पिवळ्या काचेतून जात नाही. आता दोन्ही नळ्या गप्प बसायला पाहिजेत."

आम्ही झाकण लावून दिवा सुरू केला. नळ्या गप्प बसल्या नाहीत. पार धुमधडाक्यानं ओरडत राहिल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे निळा आत जातो आणि आत पिवळा होतो. पेटीत असं काहीतरी आहे जे निळा उजेड खातं आणि पिवळा ओकतं. इंगळे, आत नवीन काय गेलंय?"

"काहीच नाही बाई. शपथ."

त्यांनी दिवा बंद करून नळ्या काढायला लावल्या, पेटी दारापाशी आणली आणि आत डोकं घातलं. काळा रंग, काळ्या भिंती, काही दिसत नव्हतं. मग त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि दिव्याच्या कप्प्यातल्या, निळ्या काचेपुढच्या भिंतीवरून फिरवला. बोळा बाहेर आला तो पिवळाधमक.

बाईंनी तो बोळा दाराच्या उजेडात धरला. मग म्हणाल्या, "धुण्याचा साबण आणा."

शेषरावभाऊंनी साबणाची वडी आणून दिली. बाईंनी ओल्या साबणावर बोळा घासला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा लालभडक झाला. ज्या घरात बायका लुगडी धुतात त्या घरात हे कोणाला माहीत नाही? हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो.

"हळद!" बाई म्हणाल्या. "अहो, ही हळद आहे!"

मग शेषरावभाऊ पुढे झाले. हात जोडलेले. "म्याच लावली जी, बाईसाहेब. खंडेनवमीले."

आणि मग सगळं बाहेर आलं. दर खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेषरावभाऊ प्रयोगशाळेतल्या एकूण एक वस्तूची पूजा करायचे. तराजूला हळदकुंकू, लोलकाला हळदकुंकू, फळ्यालाही. आदल्या वर्षी पेटी नुसता पत्रा होती. या वर्षी ती घरची मोठी सून! बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी नळ्या कापडात धरून अलगद काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि पेटीची आतून पूजा केली. नारळ फोडायला साक्षात प्राचार्य हजर होते. ते आता खिडकीबाहेर पाहत होते, आणि ती खिडकी बंद होती.

"आतून कशाला लावली?" मी ओरडलोच. माझा तोल गेला होता.

"देव काय वरच्या पत्र्यात असते काय जी, सर?" शेषरावभाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जे काय होते ते आतच होते ना? पाच बोटं लावली फक्त. अन् दसरा झाल्यावर ओल्या फडक्यानं चांगली पुसूनबी काढली."

"हां!" जोगळेकर टाळी वाजवून म्हणाले. "पुसली म्हणूनच! पाच बोटांची हळद चारही भिंतींवर सारवली गेली!"

पूजा ही माझ्या रीतीतली गोष्ट नाही, पण शेषरावभाऊंच्या श्रद्धेला मी कधी आडवा गेलो नव्हतो. त्या क्षणी मात्र मला त्यांचा संताप आला, प्राचार्यांचा आला, हळदीचा आला, आणि जीपमधल्या त्या खोक्यांचा तर सगळ्यात जास्त. पुण्यामुंबईत ही गोष्ट सांगून लोक वर्षभर हसतील, पेटीला हळद लावणारे बुलढाण्याचे शास्त्रज्ञ म्हणून.

केळुसकर हसले नाहीत. त्यांनी शेषरावभाऊंना विचारलं, "नळ्यांना लावली होती का?"

"नाही जी. बाईसाहेबांनी सांगतलं होतं ना, काचेले बोट लावाचं नाही. त्याहिले नुसता नमस्कार केला."

"मग पेटी स्पिरिटनं धुवा, आणि रंग द्या," केळुसकर म्हणाले. "आम्ही थांबतो."

थांबतो! परतीचं आरक्षण झालेलं होतं, ते त्यांनी सोडून दिलं. विश्रामगृहाच्या खानसाम्याला वाढीव माणसांचं सांगितलं गेलं. बाई आणि शेषरावभाऊंनी मिळून पेटी धुतली. जोगळेकरांनी हिशेबातली माफी पुन्हा मांडून मला समजावली, आणि यंत्राला घाबरणारा तो माणूस एकदा ब्रश घेऊन रंगवायलाही बसला. बाईंनी ब्रश काढून घेतला ते सोडा. बुलढाण्याच्या कोरड्या हवेत रंग लवकर वाळला. नळ्या बसवल्या, दार लावलं, दिवा सुरू केला. मी मोजणी घेत होतो आणि केळुसकर माझ्या खांद्यावरून पाहत होते. पहारेकरी शहाणे झाले होते. एकेक टिंब पुन्हा खाली, रेषेवर, जिथे पावसाळ्यात होतं तिथेच.

बाई म्हणाल्या, "झालं!" आणि खोचलेला पदर सोडला.

पण खोकी अजून जीपमध्येच होती, आणि निर्णय अजून कोणी बोललं नव्हतं. निघायच्या सकाळी ड्रायव्हरनं ती उतरवून पायरीवर आणून ठेवली. केळुसकर मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"इंगळे," ते म्हणाले, "मी नळ्या न्यायलाच आलो होतो."

"सर, हळदीचं पुन्हा होणार नाही..."

"हळदीचं मला काय माहीत होतं?" ते म्हणाले. "तुमचे पावसाळ्यातले आकडे पाहून मी ठरवलं होतं. ट्रकच्या बॅटऱ्यांवर, टिनाच्या खोलीत, इतके सरळ आकडे? मला वाटलं, हा माणूस आम्हाला पाहिजे ते लिहून पाठवतोय. मी मुंबईत असे फार पाहिलेत. म्हणून खोकी करून घेतली." ते पायरीवरच्या खोक्यांकडे वळले. "मग तुम्ही भिंतीवर ते वाईट आकडे जसेच्या तसे ठेवलेले दिसले. सल्लागारांच्या तोंडावर. तेव्हा मला चांगले आकडेही खरे वाटले."

प्राचार्य मागे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते पुढे आले आणि माझा हात हातात घेऊन उभे राहिले.

पुढे आमचा निबंध छापून आला. त्यात हळदीचा परिच्छेदही आहे, केळुसकरांनी तो ठेवायलाच लावला. पुढे परदेशात लोकांनी जास्त चांगले दिवे काढले आणि दाखवून दिलं की साध्या दिव्याच्या उजेडावर हा प्रश्न पुरता सुटतच नाही. आमचं काम त्यांच्यापुढे अपुरंच. याची खंत आहे, नाही कशाला म्हणू? त्या तिघांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांचे आभार मी तोंडावर कधीच नीट मानले नाहीत. आपल्याकडे ते जमत नाही. पण पुंजवादाच्या त्या मोठ्या देवळाच्या एका दारावर बुलढाण्याचे पहारेकरी काही काळ बसले होते, आणि ते खोटं ओरडले नाहीत. हे मी कुठल्याही पंगतीत छाती काढून सांगेन.

त्या सकाळी केळुसकर जीपमध्ये बसले. ड्रायव्हर खोकी उचलायला वाकला तर शेषरावभाऊंनी त्याला थांबवलं. एक त्यांनी उचललं, एक मी. गवत भरलेलं नवं लाकूड, पण हाताला काही वजनच लागेना. आम्ही ती जीपमध्ये चढवली. गाडी धूळ उडवत राजूर घाटाच्या रस्त्याला लागली. शेषरावभाऊ कधीचे दम धरून होते. जीप वळणाआड गेल्यावर त्यांनी विचारलं, "सर, काय म्हणे ते साहेब?"

"राह्यलं म्हणे, भाऊ."

"काय राह्यलं जी?"

"सगळं," मी म्हटलं. "सगळं इथंच राह्यलं."